‘इंदरसभा’ आणि ‘संगीत सौभद्र’ : प्रेमातील दैवी हस्तक्षेपाचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

प्रेमिकांच्या व्यवहारात देवाने लक्ष घालावे आणि त्यातून विनोद व गोंधळ निर्माण व्हावा, ही कल्पना रंगभूमीइतकीच जुनी आहे. ग्रीक नाटककार मेनँडर याच्या इ. स. पूर्व ३१६ मधील ‘डिस्कोलोस’ या सुखात्मिकेत पॅन हा देव आरंभीच रंगमंचावर येतो. एका तिरसट शेतकऱ्याच्या मुलीवर श्रीमंत तरुणाचे मन आपणच जडवले आहे, असे तो प्रेक्षकांना सांगतो. मुलगी भाविक आहे, म्हणून देवाने तिचे कल्याण करायचे ठरवले आहे. मात्र त्या मुलीला संपूर्ण नाटकात नावसुद्धा नाही.

या एका गोष्टीने प्रस्तुत लेखाची दिशा ठरवली आहे. देव प्रेमिकांच्या बाजूने असला म्हणजे नायिकेचे भले होते, असे आपण गृहीत धरतो. उर्दू आणि मराठी रंगभूमीच्या आरंभकाळातील दोन महत्त्वाच्या संगीत नाट्यकृती एकत्र वाचल्या की या समजाला धक्का बसतो. आगा हसन अमानत यांची ‘इंदरसभा’ (१८५३) आणि बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘संगीत सौभद्र’ (१८८२) या त्या दोन कृती होत.

दोन संहितांचे नाते

हे दोन ग्रंथ शेजारी ठेवण्यास ऐतिहासिक आधार आहे. ‘इंदरसभा’ लखनौत लिहिली गेली. ती नवाब वाजिद अली शाह यांच्या दरबारासाठी लिहिली गेली, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. प्रा. मसऊद हसन रिझवी ‘अदीब’ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संशोधनात ही समजूत खोडून काढली आणि ती लोकांच्या रंगमंचाची कृती असल्याचे दाखवून दिले. पुढे पारशी नाटक मंडळ्यांनी तिचे प्रयोग ठिकठिकाणी केले. असा एक प्रयोग पाहून आपणही मराठीत संगीतप्रधान नाटक करावे, असे किर्लोस्करांच्या मनात आले, अशी नोंद नाट्येतिहासकार करतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि १८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक सादर झाले. म्हणजेच मराठी संगीत नाटकाच्या उगमापाशी उर्दूचा एक झरा आहे. ही बाब मराठीच्या वर्गात क्वचितच आणि उर्दूच्या वर्गात जवळजवळ कधीच सांगितली जात नाही.

‘इंदरसभा’ : रागावणारा राजा

‘इंदरसभे’चे कथानक थोडक्यात असे आहे. राजा इंदरच्या दरबारात पुखराज, नीलम, लाल आणि सब्ज या चार पऱ्या नृत्यगायन करतात. सब्ज परीची दृष्टी गच्चीवर झोपलेल्या शहजादा गुलफामवर पडते आणि ती त्याच्यावर आशिक होते. काळा देव तिच्या सांगण्यावरून गुलफामला झोपेतच उचलून आणतो. गुलफाम इंदरचा दरबार पाहण्याचा हट्ट धरतो. परी त्याला तेथे नेऊन झाडीत लपवते. पण लाल देव चहाडी करतो. इंदर संतापतो. गुलफामला काफच्या विहिरीत टाकले जाते आणि परीचे पंख कापून तिला हाकलून दिले जाते. परी खचत नाही. जोगिणीचा वेश घेऊन ती गात हिंडते. तिच्या गाण्याची कीर्ती दरबारात पोहोचते, इंदर प्रसन्न होतो. ती त्याच्या देणग्या नाकारते आणि मागायचे ते मागते : गुलफाम. राजाला शब्द पाळावा लागतो.

येथे शब्दार्थाचा एक मुद्दा नमूद करणे आवश्यक आहे. उर्दूतील ‘देव’ हा फारसीतून आला आहे आणि त्याचा अर्थ राक्षस असा आहे. मराठीत नेमका याच्या उलट अर्थ. हैदराबादमध्ये, नारायणगुड्यासारख्या भागात, एकाच वर्गात मराठी व उर्दू घरांतील मुले बसतात. देव चहाडी कशी करेल, असा प्रश्न तेथे एखाद्या विद्यार्थ्याला पडला तर तो अज्ञानाचा नव्हे, भाषेच्या इतिहासाचा प्रश्न आहे. उत्तर देताना हे आवर्जून सांगावे की या नाटकात वैदिक परंपरेतील इंद्र, इराणी परंपरेतील परी व देव, आणि अवधमधील जोगीण एकाच दरबारात एकत्र आल्या आहेत. अमानत यांनी इंद्र लिहिला. त्यांच्या आधी दयाशंकर ‘नसीम’ यांनी ‘गुलजारे नसीम’ या मसनवीत बकावली परीला इंद्राच्या दरबारात नाचवले. कोणत्या धर्माच्या कवीने काय लिहावे, याची कुंपणे त्या काळी इतकी उंच नव्हती.

‘इंदरसभे’तील इंद्र हा उपास्य देव नाही, तो सत्ता आहे. प्रेम हा त्याच्या दृष्टीने शिस्तभंग आहे. तो केवळ मज्जाव करतो. त्यामुळे प्रेम करण्यापासून शिक्षा भोगून प्रियकर परत मिळवण्यापर्यंत सर्व कृती नायिकेला स्वतः करावी लागते. या नाटकात जे घडते ते सब्ज परीमुळे घडते.

‘सौभद्र’ : मदत करणारा देव

‘सौभद्र’मध्ये चित्र वेगळे आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर आहे, पण बलराम तिला दुर्योधनाला देऊ पाहतो. श्रीकृष्ण अर्जुनाच्या बाजूचा आहे. तो भावाशी उघड भांडत नाही, युक्तीने वागतो. अर्जुन संन्याशाच्या वेशात येतो. कृष्ण या संन्याशाविषयी मुद्दाम शंका व्यक्त करतो आणि त्यामुळे भोळा, हट्टी बलराम अधिकच आग्रहाने त्याला घरात आणून सुभद्रेला त्याच्या सेवेस ठेवतो. नाटकाचा सगळा विनोद येथे आहे. कृष्णाचे खरे बळ चमत्कारात नाही. थोरल्या भावाचा स्वभाव ओळखण्यात आहे. म्हणूनच तो देवापेक्षा आपल्या घरातील एखाद्या धूर्त, प्रेमळ मामासारखा वाटतो, आणि प्रेक्षकांना तो आवडतो याचे कारणही हेच आहे.

किर्लोस्करांचे श्रेयही येथे मान्य केले पाहिजे. महाभारताच्या आदिपर्वात कृष्ण अर्जुनाला सुभद्रेचे हरण करण्याचा सल्ला देतो. कारण स्वयंवरात मुलगी कोणाला वरील याचा भरवसा नाही. भागवताच्या दशम स्कंधात दुर्योधनाचा बेत आणि अर्जुनाचा यतिवेश येतो, पण तेथेही शेवट हरणातच आहे. किर्लोस्करांनी सुभद्रेचे प्रेम हा कथानकाचा आधार केला आणि शेवट बलरामाच्या संमतीत आणला. १८८२ च्या महाराष्ट्रात ही लहान गोष्ट नव्हती.

तरीही एक प्रश्न उरतो. कृष्णाच्या आखणीनुसार घटोत्कच सुभद्रेला रात्री महालातून उचलून अरण्यात, अर्जुन असतो तेथे आणतो. ‘इंदरसभे’तील प्रसंगाशी याचे साम्य सहज लक्षात येते, परंतु फरक अधिक बोलका आहे. तेथे झोपलेला पुरुष उचलला जातो आणि आज्ञा स्त्रीची असते. येथे स्त्री उचलली जाते आणि आज्ञा तिच्या भावाची असते. पुढे ज्याची ती सेवा करते तो अर्जुनच आहे, हेही तिला बराच काळ ठाऊक नसते. तिचा निश्चय पक्का आहे, तिचे दुःख खरे आहे; परंतु तिच्या सुखाची योजना तिच्यापासूनच लपवलेली आहे. भयभीत होणे आणि शोक करणे एवढेच तिच्या वाट्याला येते, आणि तिच्या या शोकाची गरज नव्हती हे प्रेक्षकांना आधीपासून माहीत असते.

सारांश असा की, रागावणारा राजा नायिकेला कृती करण्यास भाग पाडतो, तर मदत करणारा देव तिच्या हातून कृती काढून घेतो. ‘डिस्कोलोस’मधील निनावी मुलगीही याच दुसऱ्या पंक्तीत बसते.

याचा अर्थ ‘इंदरसभा’ श्रेष्ठ आणि ‘सौभद्र’ कनिष्ठ, असा मुळीच नाही. संवाद, स्वभावरेखन आणि रचना या तिन्ही बाबतींत ‘सौभद्र’ कितीतरी पुढे आहे. सब्ज परीदेखील गुलफामची इच्छा विचारण्याआधीच त्याला उचलून आणवते, हे विसरता येत नाही. परंतु नायिकेला काय करू दिले आहे, या एका निकषावर जुनी, सैल बांधणीची उर्दू कृती अधिक मोकळी ठरते, हे मान्य करावे लागेल.

काळाचा संदर्भ

हा निकष आपण आजच्या काळातून लादत आहोत काय? तसे म्हणता येणार नाही. ज्या वर्षी ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले त्याच १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध झाला. पुराणांतील देवांनी स्त्रियांशी केलेल्या वर्तनाचा त्यात रोखठोक जाब विचारलेला आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, रखमाबाईंचा खटला उभा राहिला आणि बालपणी लावून दिलेला विवाह स्त्रीवर बंधनकारक आहे काय, हा प्रश्न न्यायालयात गेला. १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ आले. तेथे मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी ठरते तेव्हा कोणी देव धावून येत नाही. माणसांनाच ते मोडावे लागते. अवघ्या सतरा वर्षांत मराठी नाटकातील विवाहाचा प्रश्न द्वारकेतून गावातल्या घरात आला.

तथापि, देवांनी रंगमंच पूर्णपणे सोडला नाही. १९३२ च्या ‘इंद्रसभा’ या बोलपटात सत्तरच्या आसपास गाणी होती. आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा तेलुगू चित्रपट ‘जगदेक वीरुडु अतिलोक सुंदरी’ (१९९०) यातही इंद्राची कन्या पृथ्वीवर येते, अंगठी हरवते आणि एका साध्या गाइडच्या घरी राहते. वर्गात ‘इंदरसभा’ सुरू करण्यासाठी याहून सोपा दुवा नाही.

अध्यापनाचा प्रश्न

आपल्या संस्थांमध्ये ही नाटके शिकवताना दोन्ही बाजूंनी संकोच आढळतो. मुस्लीम अध्यापकाने कृष्णावर कसे बोलावे, आणि मराठीच्या अध्यापकाने परी-देवांची उर्दू कृती कशाला घ्यावी? या संकोचाला या दोन संहिताच उत्तर देतात. रंगमंचावरील देव हे श्रद्धेचे विधान नसून नाट्यातील पात्र आहे. त्याच्या वागण्याची चिकित्सा करणे म्हणजे कोणाच्या श्रद्धेची चिकित्सा नव्हे. हे एकदा आदराने आणि स्पष्टपणे सांगितले की वर्ग मोकळा होतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

त्यानंतर विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे : सुभद्रेला सगळे सांगितले असते तर नाटक बिघडले असते काय? हा प्रश्न विचारला की नाटकापुरते बोलणे राहत नाही. आपल्या वर्गातील किती तरी मुलींची स्थळे त्यांच्या हिताचा विचार करणारी माणसेच ठरवत असतात. त्यांत दुष्ट कोणी नसतो, बहुतेक जण कृष्णासारखे प्रेमळच असतात. त्या मुलींना सुभद्रा चटकन कळते. ती कळावी आणि तिच्याबरोबर सब्ज परीही कळावी, यासाठी ही दोन पुस्तके एकाच आठवड्यात शिकवावीत, एवढीच या लेखाची शिफारस आहे.