सरबराई कुणी केली?

राजाजीनगरात पाण्याच्या बिलावर मंडळाचे नाव असते : ‘बेंगळूरु नीरु सरबराजु मत्तु ओळचरंडी मंडळी’. १९६४ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या नावातला ‘सरबराजु’ म्हणजे आपलीच सरबराई. मराठीत मात्र तिला नळ चालत नाही, पाहुणा लागतो; जावई असल्यास उत्तम.

दोन्हींचे मूळ फारसी ‘सरबराह’. उर्दूत त्याचा प्रमुख झाला, कन्नडने पुरवठा घेतला, मराठीने आदरातिथ्य. शब्दांना असे फाटे फुटतातच. माझी तक्रार आहे ती जुन्या काळावरच्या लेखनाच्या अनुवादांबद्दल.

जुन्या व्यवहारात सरबराई म्हणजे मुक्कामाला आलेल्या सरदाराला, वकिलाला, फौजेला दाणा, वैरण, लाकूडफाटा पुरवणे. ते गावाने करायचे, आणि गावाला विचारायची पद्धत नव्हती. वेठीपासून ही सरबराई फार लांब नसे. पुढे साहेब दौऱ्यावर निघू लागले तेव्हाही रीत तीच राहिली. विकत घेणे ही गोष्ट वेगळी. १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणाहून उपाशी माघारी फिरलेल्या कॉर्नवॉलिसच्या फौजेला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या लष्करातल्या बाजाराने धान्य दिले, तेही चढ्या भावाने. त्याला कुणी सरबराई म्हणणार नाही.

कन्नड कथेत अमलदाराचा मुक्काम पडतो, ‘सरबराजु’ गावाच्या माथी येतो, आणि अनुवादक ‘गावाने सरबराई केली’ असे लिहून मोकळा होतो. कोश त्याच्याच बाजूने उभा राहील. पण आजच्या वाचकाला पाट, रांगोळी, केळीचे पान दिसते. रिकामी झालेली कणगी दिसत नाही. ‘पुरवठा’ लिहावे तर सरकारी गोदाम डोळ्यांपुढे येते आणि देणारा कोण हेच गळून जाते. ‘रसद’ फौजेला शोभते. एका अमलदारासाठी आणि त्याच्या दोन शिपायांसाठी ती जरा जास्तच रणशूर.

मी शब्द ठेवते, क्रियापद बदलते. ‘गावावर सरबराई बसली’, जसा कर बसतो, दंड बसतो. पुढच्याच वाक्यात किती कोंबड्या, किती दूध, कुणाच्या गोठ्यातली वैरण हे मुळात असेल तर एकही जिन्नस गाळत नाही. संपादकाला ती यादी कंटाळवाणी वाटते. इंग्रजीत ‘हॉस्पिटॅलिटी’ लिहिणाऱ्यांची तर आणखी पंचाईत, त्या शब्दाला ‘बसणे’ लावताच येत नाही.