पर्यावरणाची माहिती आणि पर्यावरणाची जाणीव

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या ठायी पर्यावरणाची जाणीव आहे काय, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः उत्तरपत्रिकांवरून दिले जाते; आणि उत्तरपत्रिकांपुरते पाहिले तर ते समाधानकारकच असते. जैवविविधता, अन्नसाखळी, शाश्वत विकास या संज्ञांच्या व्याख्या विद्यार्थी बिनचूक लिहितो. परंतु ज्या वडाच्या सावलीत बसून त्याने त्या व्याख्या पाठ केल्या, त्या वडाला फळे केव्हा धरतात आणि ती खावयास कोणती पाखरे येतात, हे त्याला सांगता येईलच असे नाही. माहिती आणि जाणीव यांत पडलेले हे अंतर कशामुळे पडले आणि ते भरून काढण्याच्या कामी मराठी साहित्याच्या अध्यापनाचा काही वाटा आहे किंवा नाही, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या विषयाला अभ्यासक्रमात स्थान मिळाले ते न्यायालयाच्या आदेशाने. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने शालेय व महाविद्यालयीन शिक्षणात पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे घटक ८, व्याख्याने ५० आणि गुण १०० होते. शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा. विद्यार्थ्याने जवळची नदी, टेकडी अथवा तळे पाहावे, नेहमीच्या वनस्पती, कीटक व पक्षी यांचे निरीक्षण करावे, अशी त्यातील अपेक्षा. पुढे या आराखड्याची फेररचना झाली. तथापि मूळ आराखड्यातील एक विसंगती आजही उद्बोधक आहे. क्षेत्रकार्याला १०० पैकी २५ गुण दिलेले होते, पण वेळ मात्र ५० पैकी ५ व्याख्यानांएवढाच. पाच तासांत ओढा पाहता येतो. ओढ्याचे वर्ष पाहता येत नाही. आणि ज्याने ओढ्याचे वर्ष पाहिले नाही, त्याला तो आटला म्हणजे काय झाले, हे तरी कसे उमगावे?

वर्ष पाहण्याची ही दृष्टी मराठीत दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने दिली. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची मांडणी चैत्रापासून फाल्गुनापर्यंतच्या महिन्यांची आहे, आणि ही मांडणी केवळ सोयीची नव्हे. एकच झाड पानगळीत, पालवीत, मोहोरात आणि फळांत निरनिराळे दिसते. म्हणून ते एकदा पाहून पाहिल्यासारखे होत नाही, हा तिच्यामागील विचार आहे. लेखिका उपदेश करीत नाही. झाडाला त्याच्या नावाने ओळखते, त्याचा रंग नेमका सांगते, आणि त्या झाडाभोवती लोकजीवनाने जे संकेत गुंफले त्यांचीही दखल घेते. वाचकाच्या मनात आस्था उत्पन्न होते ती या नेमकेपणामुळे. ज्याला पांगारा आणि पळस यांतला भेद दिसत नाही, त्याला त्यांपैकी एक नाहीसा झाल्याचे दुःख होणे शक्य नाही.

मात्र ‘ऋतुचक्रा’ची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यातील दृष्टी रसिक अभ्यासकाची आहे. पाऊस तिथे सौंदर्याचा आणि चिंतनाचा विषय होतो. तो न आल्यास ज्याची चूल विझते, तो माणूस या चित्राच्या कडेला राहतो. ही उणीव व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) भरून निघते. माणदेशातील धनगरांची ही वस्ती थोडक्यात भागवणारी आहे. पण तिच्या काटकसरीला लेखकाने सद्गुणाचे वस्त्र नेसवलेले नाही. मेंढरे, चारा, पाणी आणि माणूस यांचा तेथील मेळ नाजूक आहे. पाऊस फिरकत नाही तेव्हा तो मोडतो, आणि उभी वस्ती मेंढरांमागे गाव सोडून जाते. शाश्वत जीवनशैली म्हणजे गरजा कमी करणे, असे पाठ्यपुस्तक सांगते. गरजा मुळातच कमी असलेल्या माणसांचे जीवनही शाश्वत असत नाही, हे ‘बनगरवाडी’ दाखवते. गरिबीला पर्यावरणनिष्ठा समजण्याची चूक या कादंबरीच्या वाचकाकडून होणार नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांच्या घरी अजून सांगितला जातो, अथवा २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले ते ज्यांनी पाहिले, अशा विद्यार्थ्याला पाणी वाचवण्याचे पाच उपाय विचारणे म्हणजे त्याच्याजवळची जाणीव बाजूला सारून त्याच्याकडे माहिती मागणे होय.

येथवरचा दोष पर्यावरणाच्या तासिकेचा झाला. साहित्याची तासिकाही निर्दोष नाही. माडगूळकरांच्याच ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबरिकेचे अध्यापन याची साक्ष देईल. वानरांच्या टोळ्या, त्यांचे प्रदेश, नराचे वर्चस्व आणि ते पालटताना होणारा संघर्ष हा तिचा विषय. परंतु शीर्षक वाचताच वर्गात राजकारणाची चर्चा सुरू होते आणि वानर हे निमित्तमात्र ठरते. रूपकार्थ सर्वस्वी चुकीचा आहे असे नव्हे. शीर्षकच त्याला वाव देते. तथापि तो घाईने काढला की लेखकाने वानरांकडे वानर म्हणून पाहण्यात खर्च केलेले श्रम वाया जातात. लंगूर वानरांच्या टोळीत नायक बदलताना काय घडते, याचा अभ्यास जपानी संशोधक सुगियामा यांनी १९६० नंतरच्या दशकात धारवाडच्या परिसरात केला होता. त्या अभ्यासाशेजारी ठेवून ‘सत्तांतर’ वाचले तर ललितकृती उणावत नाही, उलट तिच्यातील निरीक्षणाचे मोल कळते. निसर्गातील प्रत्येक वस्तू माणसाच्या एखाद्या भावनेचे प्रतीक मानावयाची, या सवयीने मराठी समीक्षेने निसर्गाला पुष्कळदा अदृश्य केले आहे. व्याख्येआड जसे झाड लपते, तसे ते प्रतीकाआडही लपते.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. या तीन ग्रंथांपैकी एखादा नेमून क्षेत्रकार्याला जोडावा. एका विद्यार्थ्याने एकच झाड, एकच पाणवठा अथवा एकच माळ निवडावा आणि चैत्र ते फाल्गुन त्याची तारीखवार नोंद ठेवावी. अशी वही ललित लेखन होईलच असे नाही. पण ऋतुमान पालटत असलेल्या आजच्या काळात अनेक वर्षांच्या अशा वह्या एकत्र आल्या तर मोहोर लवकर आला की उशिरा, हे सांगणारा तो पुरावा ठरेल. त्याहून महत्त्वाचे हे की, वर्षभर एका झाडाची नोंद ठेवलेला विद्यार्थी ते तोडण्याची वेळ आली असता गप्प राहणार नाही. निदान, काय तोडले जात आहे, हे तरी त्याला ठाऊक असेल. पर्यावरणशिक्षणाची खरी परीक्षा तेथे आहे, आणि त्या परीक्षेची तयारी करून घेणे ही मराठी विभागाचीही जबाबदारी आहे.