'हार्वेस्ट' की 'टुनाईट्स द नाईट'? : एका जुन्या वादाची फेरतपासणी

नील यंगचा सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता, या प्रश्नावर त्याचे चाहते गेली पन्नास वर्षे भांडत आहेत. 1945 साली टोरांटोत जन्मलेल्या या गायक-गीतकाराचे चाळीसहून अधिक अल्बम निघाले. वादात येणारी नावे मात्र मोजकी, आणि त्यांतली बहुतेक 1970 ते 1979 या काळातली. एक पक्ष 'हार्वेस्ट'चा. गोड चाली, स्वच्छ ध्वनिमुद्रण, कुणालाही पहिल्या ऐकण्यात आवडावा असा अल्बम. दुसरा पक्ष 'टुनाईट्स द नाईट' आणि 'ऑन द बीच'चा. हा पक्ष संख्येने लहान, पण आवाजाने मोठा.

मी सुमारे तीस वर्षे दुसऱ्या पक्षात होतो. कॉलेजात असताना मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर 'हार्वेस्ट' ऐकला, आवडला आणि पुढे 'टुनाईट्स द नाईट' हाती लागल्यावर त्या आवडीची लाज वाटू लागली. 'हार्वेस्ट' आवडणाऱ्यांना मी अनेकदा तोडून बोललो आहे. आज त्या पक्षाचा निर्णय मला मान्य आहे, युक्तिवाद मान्य नाही. हा फरक का पडला, त्याची ही मांडणी.

आधी घटनाक्रम. 'हार्वेस्ट' फेब्रुवारी 1972 मध्ये आला आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. त्यातले 'हार्ट ऑफ गोल्ड' हे यंगचे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेले एकमेव गाणे. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'क्रेझी हॉर्स' या त्याच्या साथीदार वाद्यवृंदातला गिटारवादक डॅनी व्हिटन नशेपायी मेला. तालमीत त्याला वाजवता येईना, म्हणून यंगने त्याला घरी परत पाठवले होते. त्याच रात्री तो गेला. जून 1973 मध्ये वाद्यसामग्री सांभाळणारा ब्रूस बेरीही त्याच वाटेने गेला. ऑगस्ट-सप्टेंबरात यंग आणि उरलेले साथीदार हॉलिवूडमधल्या एका तालमीच्या जागेत जमले आणि रात्र रात्र वाजवत बसले. 'टुनाईट्स द नाईट'ची बहुतेक गाणी तिथली. अल्बम बाजारात आला तो मात्र जून 1975 मध्ये. त्याच्या नंतर ध्वनिमुद्रित झालेला 'ऑन द बीच' त्याच्या आधी, 1974 मध्येच, निघाला होता.

पुढे 1977 साली 'डिकेड' या निवडक संग्रहासाठी लिहिलेल्या टिपणात यंगने म्हटले की 'हार्ट ऑफ गोल्ड'ने त्याला रस्त्याच्या मधोमध आणून सोडले. तिथे कंटाळा आला, म्हणून त्याने गाडी कडेच्या चरीत घातली. प्रवास खडबडीत झाला, पण माणसे अधिक रंगतदार भेटली. 'टाइम फेड्स अवे', 'ऑन द बीच' आणि 'टुनाईट्स द नाईट' या तिघांना चाहते चरीतली त्रयी म्हणतात, ते या टिपणावरून. कलावंताचे हे एक वाक्य चाहत्यांनी कसोटी म्हणून उचलले : रस्ता म्हणजे तडजोड, चर म्हणजे सत्य. जिथे आवाज फाटतो, सूर सुटतो, तिथे माणूस खरा.

मराठी वाचकाला ही कसोटी ओळखीची वाटेल. मर्ढेकरांनी वाङ्मयीन महात्मतेची चर्चा करताना आत्मनिष्ठेवर भर दिला. पुढे तो शब्द आपल्याकडे इतका सैल झाला की लेखकाने सोसले असेल तर लेखन चांगले, असा त्याचा अर्थ होऊन बसला. पण त्याच मर्ढेकरांनी लयीचाही विचार मांडला. संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी घटकांची रचना कशी होते, हा त्यांचा प्रश्न होता. यंगच्या चाहत्यांनी मर्ढेकर वाचण्याचे कारण नाही. त्यांचा वाद मात्र पहिल्या कसोटीवर अडला आहे आणि दुसरीकडे गेल्याशिवाय तो सुटत नाही.

'टुनाईट्स द नाईट' म्हणजे दुःखाच्या भरात एका दमात झालेला उद्गार, अशी समजूत आहे. तपशील वेगळे सांगतो. अल्बममध्ये बारा गाणी आहेत. त्यांतली तीन त्या रात्रींमधली नाहीतच. 'लुकआउट जो' 1972 च्या अखेरीचे, बेरी तेव्हा जिवंत होता. 'बॉरोड ट्यून' नंतरचे. त्याची चाल रोलिंग स्टोन्सच्या 'लेडी जेन'वरून घेतली आहे आणि यंग गाण्यातच ती उसनवारी कबूल करतो. तिसरे सर्वांत महत्त्वाचे : 'कम ऑन बेबी लेट्स गो डाउनटाउन'. हे 1970 साली न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झाले आणि त्यात मुख्य आवाज व्हिटनचा आहे.

म्हणजे ज्याच्यासाठी शोक चालला आहे तो माणूसच पाचव्या गाण्यात मजेत, जोरात, नशेच्या सौद्याबद्दल गाऊ लागतो. लगेच पुढे 'मेलो माय माइंड' येते आणि यंगचा आवाज उंच स्वरावर फाटतो. चाहते या फाटलेल्या आवाजाचे दाखले देतात. तो इतका लागतो, कारण त्याआधी मेलेल्या मित्राचा धडधाकट आवाज आपण ऐकलेला असतो. हा विरोधलयीचा नमुना आहे आणि तो आपोआप घडलेला नाही. कुणीतरी शांत डोक्याने ती पट्टी तिथे जोडली. शीर्षकगीतही सुरुवातीला आणि शेवटी असे दोनदा येते. दुसऱ्यांदा ते ऐकताना बेरीचे नाव आपल्याला परके राहिलेले नसते. याच गाण्यांचे सप्टेंबर 1973 मधले लॉस एंजलिसच्या रॉक्सीतले कार्यक्रम 2018 साली प्रकाशित झाले. त्यात थट्टामस्करी आहे, वातावरण जवळजवळ आनंदी आहे. गाणी तीच, माणसेही तीच, दुःख तर अधिकच ताजे. तरीही परिणाम वेगळा, कारण रचना वेगळी.

दुःख हीच कसोटी धरली तर आणखी एक अडचण येते. ती म्हणजे 'ट्रान्स'. 1982-83 च्या सांध्यावर आलेल्या या अल्बमच्या बहुतेक गाण्यांत यंगचा आवाज यंत्रातून गाळून काढलेला आहे. चाहत्यांनी त्याची टिंगल केली. मीही केली, आणि ती आठवून आज मला वाईट वाटते. यंगचा 1978 मध्ये जन्मलेला मुलगा सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू शकत नाही. शब्द कळत नाहीत, पण कुणीतरी काही सांगू पाहते आहे, असा तो आवाज त्या घरातून आला होता. यंगने हे नंतर स्वतः सांगितले. दुःखाच्या खरेपणावर क्रम लावायचा तर 'ट्रान्स'ला तळाशी ठेवता येत नाही. आपण ठेवला, कारण दुःख ओळखीच्या आवाजात आले नाही. 1993 च्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात यंगने त्यातलेच 'ट्रान्सफॉर्मर मॅन' साध्या आवाजात, साध्या वाद्यांवर गायले, तेव्हा त्या चालीतली माया अनेकांच्या प्रथमच लक्षात आली.

चाहत्यांची ही कसोटी एकदा कोर्टातही गेली. 1983 मध्ये गेफेन कंपनीने यंगवर 33 लाख डॉलरचा दावा लावला. तक्रार अशी की तो नील यंगसारखे संगीत देत नाही. दावा पुढे मागे घेतला गेला आणि डेव्हिड गेफेन यांनी माफी मागितली. कंपनीला 'हार्वेस्ट' हवा होता, आम्हाला चर हवी होती. पण खरा नील यंग कोणता हे त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, असे दोघांनाही वाटत होते.

'ऑन द बीच'बद्दल थोडक्यात. ऐंशीच्या दशकात त्याची तबकडी बाजारातून गेली आणि सीडी यायला 2003 उजाडले. मिळत नव्हता त्या काळात त्याची कीर्ती वाढत गेली. त्याची दुसरी बाजू, तीन लांब, संथ गाण्यांची, ही कीर्ती पेलते. पहिल्या बाजूबद्दल मी तसे म्हणणार नाही.

माझा कौल अजून 'टुनाईट्स द नाईट'लाच आहे. तो यंगने सर्वाधिक सोसले म्हणून नव्हे, तर जे सोसले त्याला 1973 ते 1975 या काळात दुसऱ्याला ऐकता येईल असा घाट दिला म्हणून. हे मान्य केले की 'हार्वेस्ट'कडेही न लाजता परतता येते. त्यातले 'द नीडल अँड द डॅमेज डन' हे दोन मिनिटांचे गाणे व्हिटन जिवंत असताना, त्याच्याच व्यसनाच्या सावलीत लिहिलेले. चर तिथेच सुरू झाली होती, रस्त्याच्या अगदी मधोमध. ज्यांना मी तोडून बोललो, त्यांनी ते गाणे माझ्यापेक्षा नीट ऐकले असण्याची शक्यता आहे.