‘असूडा’तील पाणी

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हा ग्रंथ बहुधा सरकारी अंमलदार व भटभिक्षुक यांवर ओढलेल्या कोरड्यांसाठीच वाचला जातो. त्यातील पाण्याचा विचार तितक्याच आदराने वाचला जावा, असे आम्हांस वाटते.

डोंगरावरील पालापाचोळा व मेलेल्या जीवजंतूंचे अवशेष पावसाबरोबर शेतात उतरून जमीन कसदार होते; यास्तव पाणी शेतात मुरून मगच ओढ्यास मिळेल असे बांध घालावेत, आणि ते काम सरकारने फौज व पोलीस यांजकडून करवावे, असे ग्रंथकाराचे सांगणे आहे. आज ज्यास पाणलोट क्षेत्राचा विकास म्हणतात, त्याचे हे बीजच होय. पाण्याचा गुण ते ज्या मातीवरून येते तीवर अवलंबून असतो, हे जोतीरावांनी अचूक ओळखले.

तथापि ही दृष्टी देशावरची आहे. पेण तालुक्यातील वडखळ येथून पाहिले म्हणजे तिची मर्यादा कळते. पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस धरमतरची खाडी आणि तिच्या काठी खारेपाट. सह्याद्रीत उगम पावणारी आंबा नदी नागोठण्यावरून येऊन याच खाडीस मिळते. येथील बांध मुख्यतः समुद्राचे पाणी थोपविण्यासाठी असतो. पावसाचे गोडे पाणी जमिनीतील खार धुऊन ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर पडते, तेव्हाच भात पिकतो. बांधास खांड पडली की एका उधाणात शेत नासते. वर डोंगर उघडा पडला तर त्याची माती गाळ होऊन खाली येते व निचऱ्याची वाट बुजविते. देशावर पाणी मुरवावे लागते. येथे ते वाहून जाऊ द्यावे लागते.

दुसरा प्रश्न राखणदारीचा. हे बांध पूर्वी गावकरी एकजुटीने राखीत. १९४८ चा मुंबई प्रांताचा व १९७९ चा महाराष्ट्राचा असे खार जमिनींविषयीचे दोन कायदे होऊन सरकार त्या कामात आले. जोतीरावांस हवा असलेला सरकारचा हात आला खरा. परंतु खांड पडताच धावणाऱ्या गावकऱ्याचा अधिकार कोणता, याचे उत्तर ‘असूडा’त मिळत नाही. त्यातील शेतकरी नाडला जातो, पाण्याचा कारभारी होत नाही.

याने ग्रंथाची थोरवी उणी होत नाही. माथ्यापासून शेतापर्यंतचे पाणी जोतीरावांनी दाखविले. शेतापासून उघाडीपर्यंतचे पाणी खारेपाटातील लेखकांनी दाखवावे.