प्रकाश आणि भिंत : ल कॉर्ब्युझिए व औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

वास्तुकलेचा इतिहास बहुधा आराखडा काढणाऱ्याच्या नावाने लिहिला जातो. वास्तू बांधवून घेणाऱ्याचे स्थान त्यात गौण ठरते. ही विभागणी कितपत न्याय्य आहे, हे सातारा-सांगली परिसरातील एका उदाहरणावरून तपासता येते.

ल कॉर्ब्युझिए (१८८७-१९६५) हे जन्माने स्विस. १९३० मध्ये ते फ्रेंच नागरिक झाले. १९३९ मध्ये त्यांनी उत्तर आफ्रिकेतील फिलिपव्हिलसाठी 'अमर्याद वाढणाऱ्या संग्रहालया'ची योजना मांडली. खांबांवर उचललेली, चौकोनी वळणांनी वाढत जाणारी आणि वरून प्रकाश घेणारी अशी ती वास्तू होती. ती प्रत्यक्षात आली नाही. मात्र त्याच कल्पनेचे रूप १९५७ मध्ये अहमदाबादेत पूर्ण झालेल्या संस्कार केंद्रात आढळते.

योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, १९३८ मध्ये, औंध येथे यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभे राहिले होते. औंधचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार होते. या दालनांत दिवसाचा उजेड चित्रांवर पडतो, परंतु पाहणाऱ्याची सावली चित्रावर पडत नाही. आराखड्यावरील स्वाक्षरी कोणाचीही असो, ही दक्षता चित्रकाराचीच म्हटली पाहिजे. कॉर्ब्युझिए यांनी आधी वास्तूचा नियम शोधला, आत काय यावे हा प्रश्न मोकळा ठेवला. औंधास संग्रह आधी होता, वास्तू त्याच्यामागून आली.

बाळासाहेबांची ही दृष्टी चित्रांपुरती मर्यादित नव्हती. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या कुंडलनजीकच्या माळावर त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि १९१० मध्ये तेथे कारखाना व कामगारांची वसाहत आकारास येऊ लागली. आटपाडीनजीक १९३९ मध्ये सुरू झालेल्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाची कल्पना मॉरिस फ्रिडमन यांची. तिला आश्रय संस्थानाने दिला. तुरुंगाची भिंतच काढून टाकणे, हाही रचनेचाच निर्णय होय.

तथापि दोघांना एका पंक्तीत बसविणे अतिशयोक्तीचे होईल. कॉर्ब्युझिए यांचा विचार ग्रंथांतून व शिष्यांतून पसरला. बाळकृष्ण दोशी हे त्यांच्याच पॅरिसमधील कार्यालयात घडले. औंधच्या प्रयोगाला अशी परंपरा लाभली नाही. कॉर्ब्युझिए प्रथम भारतात आले ते १९५१ मध्ये. त्याच वर्षी बाळासाहेब निवर्तले.

म्हणून औंधच्या संग्रहालयात केवळ चित्रांची नोंद करून अभ्यासकाने थांबू नये. तेथील भिंत, खिडकी आणि तीतून येणारा उजेड हीदेखील संग्रहाचीच अंगे आहेत. चित्रे अन्यत्र नेऊन जतन करता येतील. त्यांच्यासाठी योजलेला प्रकाश मात्र त्या इमारतीबाहेर नेता येणार नाही.