थोर तळमळ आणि साधी ओढ

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात नाशिकरोडच्या बाल येशूच्या यात्रेला हजारो भाविक येतात. कुणाला मूल हवे असते, कुणाला नोकरी, कुणाला हक्काचे घर. या मागण्या ऐकताना आम्हां धर्मगुरूंच्या मनात कधीकधी एक सूक्ष्म अहंकार डोकावतो: देवाच्या दारी येऊन ही माणसे देव सोडून बाकी सर्व मागतात! हा अहंकार उतरवणारे एक पुस्तक नाशिकच्याच मातीशी जोडलेले आहे. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. १९३६ च्या फेब्रुवारीत नाशिकलाच त्यांनी देह ठेवला. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. सेमिनरीत आम्ही हा ग्रंथ एका धर्मांतराची कहाणी म्हणून वाचला आणि पुढे प्रवचनांतून वापरलाही. तेव्हा आमची दृष्टी नारायण वामन टिळकांवर खिळलेली होती. सत्याच्या शोधात १८९५ साली बाप्तिस्मा घेणारा, १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यास पत्करणारा हा कवी आमचा नायक, आणि लक्ष्मीबाई त्याच्या वाटेतील एक अडसर! हे वाचन उथळ होते, अशी कबुली आज देणे आम्हांस भाग आहे.

कारण या ग्रंथाचा खरा विषय एका घरातील निरनिराळ्या इच्छा हाच आहे. वडिलांना सोवळ्याचे वेड. घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून त्यांचे समाधान होत नसे. पतीला सत्याची तळमळ. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेसाठी देऊन ते मोकळे होत. दोघांच्याही इच्छा मोठ्या, आणि दोघांच्याही इच्छांची किंमत घरातल्या बायकामुलांनी चुकवलेली. लक्ष्मीबाईंची स्वतःची ओढ मात्र अगदी साधी: पती, मूल आणि चार माणसांचा संसार. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पंढरपुरास नातलगांकडे राहताना त्यांना नवरा हवा आहे, परंतु जातही सोडवत नाही. ही ओढाताण त्यांनी कोठेही सजवलेली नाही.

संत ऑगस्टीन ‘कन्फेशन्स’मध्ये आपल्या प्रत्येक इच्छेची उलटतपासणी करतात आणि मनाच्या अस्वस्थतेचे मूळ ईश्वराच्या ओढीत शोधतात. लक्ष्मीबाई तपासणी करीत नाहीत. त्या केवळ सांगतात. तरीही त्यांची साधी ओढच त्यांना पुढे नेते. पतीच्या सहवासात परतल्यावर, जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांचे त्यांनाच उमगते आणि १९०० साली त्या बाप्तिस्मा घेतात. तो पतीच्या आज्ञेचा विजय नव्हे. पुढे टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच हाती घेतले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांच्या लेखणीचे आहेत. जिला आम्ही अडसर समजलो, तिनेच पतीची थोर तळमळ पुढे वाहिली.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. दुःख गडद होऊ लागले की लक्ष्मीबाई चटकन विनोदाकडे वळतात. हा विनोद ग्रंथाचे बळ आहे. तो त्यांना रडगाण्यापासून वाचवतो. परंतु पतीवरील रागाच्या प्रसंगी त्या थोड्या अधिक थांबत्या, तर त्यागाच्या दुसऱ्या बाजूचे याहूनही स्पष्ट दर्शन आपल्याला घडते.

ती दुसरी बाजू आम्हांलाही चुकलेली नाही. आम्ही सेमिनरीत निघालो, तेव्हा गावाने आमच्या त्यागाचे कौतुक केले. दारात उभ्या असलेल्या आईला काय हवे होते, हे कुणी विचारले नाही, आम्हीही नाही.

म्हणून यंदाच्या यात्रेत कुणी घरासाठी वा लेकरासाठी हात जोडील, तेव्हा त्या मागणीला क्षुद्र म्हणण्याचे धाडस आम्हांस होणार नाही. माणूस जे जवळचे तेच आधी मागतो. त्या जवळच्या मागणीतूनच एखाद्याला दूरची वाट सापडते, आणि कुणाला ती सापडली नाही, तरी त्याची भूक खोटी ठरत नाही.