समाजमाध्यमे आणि आदिवासी विद्यार्थ्यांचे भाषाशिक्षण : गोंडीभाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजशब्द : समाजमाध्यमे, भाषाशिक्षण, गोंडी, माडिया, द्विभाषिकता, प्रमाणीकरण

प्रस्तावना :

समाजमाध्यमांमुळे भाषाशिक्षण सुलभ झाले, हे विधान शैक्षणिक लेखनात इतके रुळले आहे की ते सिद्ध करण्याची गरजही आता वाटेनाशी झाली आहे. व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांच्या वापराविषयी विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यावयाची, टक्केवारीचे कोष्टक मांडावयाचे आणि ‘सकारात्मक परिणाम दिसून येतो’ असा निष्कर्ष काढावयाचा, ही अशा लेखनाची रूढ रीत. तीत एक प्राथमिक प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. शिकली जाते ती भाषा कोणती, आणि ती कोणत्या भाषेच्या जागी येते? गडचिरोलीच्या आश्रमशाळेतून महाविद्यालयात आलेल्या गोंडी वा माडियाभाषक विद्यार्थ्याचा विचार करताना हा प्रश्न बाजूला सारता येत नाही.

‘वांशिक अल्पसंख्य’ ही पाश्चात्त्य अभ्यासातून आलेली संज्ञा येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ९.४ टक्के, तर गडचिरोली जिल्ह्यात ते ३८.७ टक्के आहे. भामरागडसारख्या तालुक्यात आदिवासी समाजच बहुसंख्य आहे. म्हणजे विद्यार्थी गावात अल्पसंख्य नसतो. तो वर्गात, पाठ्यपुस्तकात आणि मोबाइलच्या पडद्यावर अल्पसंख्य होतो. गोंडी ही लहान भाषाही नव्हे. याच जनगणनेत तिचे भाषक सुमारे २९.८ लाख नोंदले गेले. डोगरी (सुमारे २६ लाख), मणिपुरी (सुमारे १७.६ लाख) आणि बोडो (सुमारे १४.८ लाख) या भाषा आठव्या अनुसूचीत आहेत, गोंडी नाही. ती सहा राज्यांत विभागलेली असल्यामुळे गोंडी मूल गडचिरोलीत मराठी, बस्तरात हिंदी आणि आदिलाबादेत तेलुगू शिकते.

मापनाचा प्रश्न :

जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दैनंदिन संवादाची भाषा आणि शैक्षणिक भाषाप्रावीण्य यांत भेद केला. समाजमाध्यमांवरील बहुतेक व्यवहार पहिल्या प्रकारात मोडतो. मित्राला मराठीत दिवसभर संदेश पाठविणारा विद्यार्थी ‘पर्जन्याच्या असमान वितरणामुळे उद्भवणाऱ्या समस्या’ यासारख्या वाक्यांशापाशी अडखळू शकतो. प्रश्नावलीत मात्र तो ‘माझी मराठी सुधारली’ यासमोर खूण करतो. त्यात तो खोटे बोलत नाही. प्रश्नच चुकीच्या गोष्टीचे माप घेतो. शिवाय ही प्रश्नावली मराठीत वा इंग्रजीत असते, म्हणजे ज्या भाषेतील अडचण तपासावयाची तीच तपासणीचे साधन ठरते.

लिंगव्यवस्थेचे उदाहरण अधिक बोलके आहे. गोंडीत नामांचे मुख्यतः दोन वर्ग आहेत. पुरुषवाचक नामे एका वर्गात, तर स्त्रिया, प्राणी व वस्तू दुसऱ्या वर्गात येतात. मराठीची तीन लिंगे आणि त्यांना अनुसरून बदलणारी विशेषणे व क्रियापदे गोंडीभाषक विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे शिकावी लागतात. (भिंत स्त्रीलिंगी आणि दार नपुंसकलिंगी का, याचा नियम मराठीच्या प्राध्यापकालाही सांगता येत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.) व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तो पुस्तक दिला’ असे लिहिले तरी अर्थ पोहोचतो, समोरचा उत्तर देतो आणि चूक तशीच रुजते. रोमन लिपीत मराठी लिहिण्याच्या सवयीने ल-ळ, न-ण आणि ऱ्हस्व-दीर्घ हे भेद तर नजरेआडच होतात. पुढे हाच विद्यार्थी उत्तरपत्रिका लिहितो तेव्हा त्याचे गुण कापले जातात आणि ‘आदिवासी मुलांचे मराठी कच्चे’ हा शेरा पक्का होतो. सरावाचे प्रमाण वाढले म्हणून प्रावीण्य वाढले, हे गृहीतक या ठिकाणी टिकत नाही.

मातृभाषेचे स्थान :

लॅम्बर्ट यांनी १९७० च्या दशकात भर घालणारी आणि वजा करणारी, असे द्विभाषिकतेचे दोन प्रकार मांडले. नवी भाषा पहिलीच्या जोडीला येते की तिला हटवून येते, यावर हा भेद आधारलेला आहे. समाजमाध्यमांच्या गौरवपर अभ्यासांत दुसऱ्या शक्यतेची नोंद क्वचितच आढळते. परंतु याच माध्यमांनी उलट दिशेचे कामही केले आहे, हे मान्य करावयास हवे. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वरा’ या ध्वनिसेवेने साध्या फोनवरून गोंडीत बातमी व तक्रार नोंदविण्याची सोय केली. २०१३ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनिसंदेश आले. मुख्यतः मौखिक असलेल्या भाषेसाठी ही सोय लिपीपेक्षा मोलाची ठरते. अक्षरओळख नसलेली आजी आणि वसतिगृहातील नातू यांच्यातील संवाद तिच्यामुळे गोंडीतच राहू शकतो.

मात्र भाषकांचे वर्तुळ विस्तारले की भेदही ऐकू येऊ लागतात. गोंडीच्या उत्तर व पश्चिमेकडील बोलींतील शब्दारंभीचा ‘स’ इतर काही बोलींत ‘ह’ होतो आणि दक्षिणेकडील काही बोलींत लोपतो. मिठाचा शब्द कोठे ‘सोवर’, कोठे ‘होवर’, तर कोठे ‘ओवर’ असा उच्चारला जातो. यांपैकी प्रमाण कोणता? सहा राज्यांतील भाषकांच्या कार्यशाळांतून सिद्ध झालेला गोंडी मानक शब्दकोश २०१८ मध्ये पुढे आला. त्यामागील गरज खरीच होती. पण प्रमाणरूप ठरताच माडियाभाषक मुलाच्या घरातील रूप ‘अशुद्ध’ ठरण्याचा धोका निर्माण होतो. मराठीने वऱ्हाडी आणि झाडीबोलीला दिलेली वागणूक डोळ्यांसमोर ठेवली तर हा धोका काल्पनिक वाटणार नाही.

लिपीचा प्रश्नही सुटलेला नाही. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये. अस्मितेच्या दृष्टीने दोन्हींचे मोल मोठे आहे. परंतु शाळेत देवनागरी वा तेलुगू गिरवलेल्या विद्यार्थ्यासाठी ही आणखी एक नवी लिपी असते. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये आणलेल्या ‘आदि वाणी’ या अनुवादसाधनात गोंडीचा समावेश आहे, ही स्वागतार्ह बाब. तथापि आरंभीच्या आवृत्तीत अनुवादाचा पूल हिंदी-इंग्रजीशी बांधलेला आहे आणि गोंडीचे काम छत्तीसगडच्या आधाराने झाले आहे. एटापल्लीच्या विद्यार्थ्याला मराठी पाठ्यपुस्तक समजून घेण्यासाठी त्याचा उपयोग मर्यादितच राहणार.

राज्यघटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याची अपेक्षा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मातृभाषेवर भर आहे. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये ग्रामसभेने गोंडी शिक्षणाची शाळा सुरू केली, ती याच अपेक्षेचा आधार घेऊन. शासकीय व अनुदानित आश्रमशाळांत मात्र शिक्षकाला गोंडी येणे ही नेमणुकीची सर्वसाधारण अट नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विद्यार्थ्याने माडियात पाठविलेला ध्वनिसंदेश अशा शिक्षकाला ऐकू येतो, पण समजत नाही. त्यामुळे तो तपासताही येत नाही आणि शिकविण्यासाठी वापरताही येत नाही.